गच्चीएवढा धंदा

वर्ष संपत आले की नात्यातले, ओळखीतले आणि बँकेतले लोक एकच प्रश्न विचारतात: यंदा धंदा किती वाढला? २०२५ या वर्षात माझी उलाढाल फारशी वाढली नाही. त्यामागे पावसाचा आणि परदेशी टपालाचा जेवढा हात होता तेवढाच माझ्या स्वतःच्या निर्णयांचाही होता, आणि त्या निर्णयांविषयीच मला लिहायचे आहे. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर मी वनस्पतींच्या रंगांनी सुती आणि रेशमी कापड रंगवते, त्यावर लाकडी ठशांनी छपाई करते, आणि त्यातून ओढण्या, कुर्ते, उपरणी असा माल तयार होतो. रंगकामाला दोघीजणी रोज येतात, शिलाई गावभागातले एक कारागीर करून देतात. आमचे उत्पादन किती व्हावे हे मागणीवर किंवा भांडवलावर ठरत नाही. गच्चीवर एका वेळी किती कापड वाळते यावर ठरते. ही मर्यादा मोडून काढायची की तिच्यात नीट बसायचे, याचा विचार करण्यात हे वर्ष गेले.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की रंगाच्या पातेल्यात कापड बुडवले की काम झाले. प्रत्यक्षात सुती धागा वनस्पतीचा रंग सहजासहजी धरत नाही. इचलकरंजीहून आणलेले कोरे कापड आधी सोड्याच्या पाण्यात उकळून त्याची खळ काढावी लागते, कारण खळ राहिली तर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. त्यानंतर ते हिरड्याच्या पाण्यात भिजवायचे, कारण हिरड्यातले तुरट द्रव्य सुताला चिकटते आणि पुढे येणाऱ्या तुरटीला धरून ठेवते. रेशमाला आणि लोकरीला या मधल्या पायरीची तेवढी गरज लागत नाही. मग तुरटी, साधारणपणे १ किलो कापडाला १५० ते २०० ग्रॅम, आणि सर्वांत शेवटी रंग. या प्रत्येक टप्प्यानंतर कापड वाळवावे लागते, आणि तेही पसरून, सुरकुती न पडता, एकसारखे. तुरटीचे ओले कापड घडी पडून राहिले तर घडीच्या रेषेवर रंग गडद उतरतो, आणि हिरड्याच्या कापडावर पावसाचे चार थेंब पडले तर ते थेंब शेवटपर्यंत दिसत राहतात. म्हणजे एकच ओढणी तयार होईपर्यंत चार वेळा गच्चीवर चढते आणि चार वेळा उतरते. ज्या धंद्याचे यंत्रच ऊन आहे त्याला पंचांगापेक्षा हवामान खात्याकडे अधिक लक्ष ठेवावे लागते.

यंदा नेमके तिथेच गणित फिरले. दरवर्षी एप्रिल आणि मे हे आमचे साठा करण्याचे महिने असतात. या दोन महिन्यांत हिरडा-तुरटी करून ठेवलेले कापड पुढे पावसाळाभर पुरते. म्हणजे पावसात फक्त शेवटचा रंग द्यायचा राहतो आणि तेवढे कापड घरातल्या पंख्याखाली वाळू शकते. गच्चीसाठी या दिवसांत स्पर्धाही असते, कारण शेजारच्या काकूंचे पापड, कुरडया आणि सांडगे यांचा मान आमच्या ओढण्यांपेक्षा मोठा आहे, आणि तो मी कधी नाकारलेला नाही. पण २०२५ च्या मेमध्ये मधल्या आठवड्यापासूनच वळवाने ठाण मांडले, पाठोपाठ २४ मे रोजी मोसमी पाऊस केरळात आला आणि २६ तारखेला तो मुंबईत दाखलही झाला. मुंबईत एवढ्या लवकर तो यापूर्वी नोंदवला गेला नव्हता. पापडही राहिले आणि कापडही राहिले. आमच्याकडे जूनच्या सुरुवातीला जेवढे तयार कापड असायला हवे होते त्याच्या निम्मेही नव्हते.

अशा वेळी दोन मार्ग असतात. एक म्हणजे गरम हवेचे यंत्र भाड्याने घेऊन ठरलेला माल ठरलेल्या रंगात काढणे. दुसरा म्हणजे हवामान जे करू देते ते करणे. मी दुसरा मार्ग घेतला, आणि पावसाळ्याचे तीन महिने मुख्यतः निळीचे, म्हणजे नीळ या वनस्पतीपासून मिळणाऱ्या निळ्या रंगाचे, काम केले. निळीचे तंत्र इतर सर्व रंगांहून निराळे आहे. ती पाण्यात विरघळत नाही. चुन्याने क्षारयुक्त केलेल्या पाण्यात तिच्यातला प्राणवायू काढून घेतला की ती विरघळते आणि पाणी हिरवट-पिवळे दिसू लागते. प्राणवायू काढून घेण्याचे हे काम कारखान्यांत रसायनाने होते. आम्ही त्यासाठी गूळ वापरतो, आणि गुळासाठी सांगलीच्या माणसाला लांब जावे लागत नाही. पिंपातून कापड वर काढले की ते हिरवे असते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होत जाते. निळीला हिरडा लागत नाही, तुरटी लागत नाही आणि मुख्य म्हणजे उन्हाची गरज पडत नाही. तिला हवा लागते, आणि ती पावसाळ्यातही फुकट मिळते. म्हणून गणपतीच्या आधी आमच्याकडे जो माल तयार झाला तो जवळजवळ सगळा निळा होता. काही ग्राहकांनी विचारले की सणाला पिवळे-लाल का नाही. मी त्यांना पावसाचे कारण सांगितले आणि बहुतेकांना ते पटले. ज्यांना पटले नाही त्यांनी दुसरीकडून घेतले, आणि त्यात त्यांचेही काही चुकले असे मला वाटत नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात कोयनेतून विसर्ग वाढला आणि नदीकाठच्या वस्त्यांत पुन्हा धाकधूक सुरू झाली. सांगलीत अशा दिवसांत प्रत्येकाच्या तोंडी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाण्याचे आकडे असतात: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ मध्ये हे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि तेव्हापासून तळमजल्यावर माल ठेवणारा माणूस आकडा ३५ झाला की पोती बांधू लागतो. आमच्या कारागिरांनी कापलेले कुर्ते वरच्या मजल्यावर हलवले, आठवडाभर शिलाई बंद राहिली, आणि एवढ्यावर निभावले. या शहरात धंदा करताना हा खोळंबा धरूनच चालावे लागते.

बाहेरगावच्या लोकांना सांगली म्हटले की हळद आठवते, आणि ते योग्यही आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूरच्या जमिनीतली पेवे, ज्यांत वर्षानुवर्षे हळद साठवली जात असे, ती पाहायला आजही लोक येतात. त्यामुळे प्रदर्शनात माझ्या टेबलासमोर उभे राहिलेले दर दुसरे माणूस म्हणते, ‘‘सांगलीच्या ना? मग हळदीत रंगवत असाल!’’ मी नाही म्हणते तेव्हा त्यांचा थोडा विरस होतो. परंतु हळदीचा रंग कच्चा आहे. तो सुताला लगेच लागतो, तुरटीशिवायही लागतो, आणि दिसतो असा की त्यापुढे कुठलाही पिवळा फिका पडावा. पण उन्हात काही दिवसांत तो विटतो आणि साबण लागला की तांबूस होतो, हे लग्नाची हळद अंगावर घेतलेल्या कोणालाही ठाऊक आहे. याच गुणामुळे हळदीचे कुंकू होते, पण याच गुणामुळे तिची ओढणी टिकत नाही. पक्का पिवळा हवा असेल तर डाळिंबाची साल वापरावी. आटपाडी आणि जत या आमच्याच जिल्ह्यातल्या तालुक्यांत डाळिंबाचे पीक मोठे आहे, आणि रसवाल्यांकडे सालींचे ढीग असतात. साल वाळवून, भरड कुटून, उकळून घेतली की तुरटीवर मोहरीच्या तेलासारखा पिवळा उतरतो आणि तो वर्षानुवर्षे राहतो.

यंदा मात्र हळदीला मी माझ्या कामात जागा दिली, आणि ती एका ग्राहकाच्या आईमुळे. मुलीच्या लग्नातल्या हळदीच्या कार्यक्रमासाठी त्यांना घरातल्या सगळ्या बायकांना एकसारख्या ओढण्या हव्या होत्या. मी कच्च्या-पक्क्याचे सगळे पुराण त्यांना ऐकवले. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘अहो ताई, एका दिवसापुरता तर हवाय रंग. त्या दिवशी हळदच लागणार आहे सगळ्यांना.’’ मग मी आधी डाळिंबाच्या सालीचा पक्का पिवळा दिला आणि त्यावर हळदीचा हात फिरवला. कार्यक्रमाच्या दिवशी ओढण्या झळझळीत दिसल्या, आणि पुढे हळद विटली तरी खालचा शांत पिवळा राहणार होता. अशी रीत जुन्या छपाईकामात आहेच. मी नवे काही केले नाही. पण त्या घरातून पुढे आणखी तीन लग्नघरांचे काम आले, आणि डिसेंबरच्या मुहूर्तांनी पावसाळ्यातली तूट बरीचशी भरून काढली. आता अशा प्रत्येक ओढणीबरोबर मी चिठ्ठी देते, की हा रंग काही धुण्यांत बदलणार आहे आणि तो कसा बदलेल. चिठ्ठी वाचून परत दिलेली ओढणी अजून एकही नाही.

याच्या अगदी उलट अनुभव एका मोठ्या शहरातल्या दुकानाच्या मागणीचा आला. त्यांना पिवळ्या रंगाच्या ३०० ओढण्या हव्या होत्या, आणि त्या सगळ्या त्यांनी पाठवलेल्या छायाचित्रातल्या पिवळ्याशी जुळायला हव्या होत्या. आकडा ऐकून घरात उत्साह पसरला, आणि तो मलाही शिवला नाही असे नाही. परंतु वनस्पतीच्या रंगात एक लॉट दुसऱ्याशी तंतोतंत जुळवणे हे जवळजवळ अशक्य असते. साल कोणत्या जातीच्या डाळिंबाची आहे, फळ किती पिकलेले होते, ती उन्हात वाळली की सावलीत, त्या दिवशी पाणी नळाचे होते की बोअरचे, यातल्या प्रत्येक गोष्टीने छटा बदलते. आमच्या बोअरचे पाणी जड आहे. मंजिष्ठेच्या लालाला ते मानवते, कारण त्यातल्या चुन्याने लाल अधिक खुलतो, पण त्याच पाण्यात लोहाचा अंश वाढला की पिवळा मळकट होतो. मी दुकानाला लिहिले की २५-२५ च्या लॉटमध्ये माल देईन, प्रत्येक लॉटची छटा आपापली असेल, आणि ती तशी असल्याचे लेबल असेल. त्यांना ते मान्य नव्हते. रासायनिक रंगात त्यांना हवा तो पिवळा मिळू शकतो आणि तो स्वस्तही पडेल, हेही मी त्यांना सांगितले, कारण ते खरेच आहे.

‘नैसर्गिक’ हा शब्द चिकटवून काहीही विकण्याचा जो प्रकार सध्या चालतो, त्याविषयी इथे थोडे लिहिते. वनस्पतीचा रंग वापरला म्हणून काम आपोआप निरुपद्रवी होत नाही. छटा बदलण्यासाठी काही रंगारी मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, वापरतात, आणि तासगाव-पलूसकडच्या प्रत्येक द्राक्षबागायतदाराला मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो फवारणीमुळे माहीत आहे की मोरचुदाशी खेळ करायचा नसतो. त्याचे उरलेले पाणी गटारात ओतून वर पानाफुलांची चित्रे छापलेल्या पिशवीत माल देणे मला जमत नाही. आम्ही तुरटी आणि लोह एवढ्यावरच थांबतो. लोखंडाचे गंजके तुकडे गुळाच्या पाण्यात दोन-तीन आठवडे ठेवले की जे पाणी तयार होते ते हिरडा दिलेल्या कापडावर पडताच काळे होते; जुनी शाई होत असे ती याच क्रियेने. लोहही जपून वापरावे लागते, कारण ते जास्त झाले तर धागा काही वर्षांत कुजतो. यामुळे आमच्या रंगांची संख्या मर्यादित राहते. हिरवा हवा असेल तर निळीवर पिवळा द्यावा लागतो, म्हणजे दुप्पट काम, म्हणजे दुप्पट किंमत, आणि त्यामुळे आमच्याकडे हिरवे कमीच दिसते.

या काळ्या-करड्या छटांना यंदा अनपेक्षित गिऱ्हाईक मिळाले. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये इथे नाटक उभे केले तेव्हापासूनचा तो मान आहे, आणि आजही नोव्हेंबर आला की गावात कुठे ना कुठे तालीम चालू असते. एका हौशी संचाला दुष्काळी गावातल्या पात्रांसाठी जुने, वापरलेले, धुऊन धुऊन उडालेले दिसेल असे कापड हवे होते. नव्या कापडाला चहाच्या पाण्यात बुडवून त्यांनी पाहिले होते, पण रंगमंचाच्या दिव्यांत ते नुसतेच डागाळलेले दिसत होते. हिरडा आणि पातळ गंजपाण्याच्या दोन-तीन फेऱ्यांत त्यांना हवी ती मातकट, राखाडी कळा आली. पैसे फार मिळाले नाहीत. पण इतकी वर्षे मी पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांकडे डोळे लावून बसत असे, आणि या वर्षी लग्नघरे आणि नाटकवाले या दोन्ही प्रकारचे लोक दहा किलोमीटरच्या आत सापडले, ही गोष्ट हिशेबाच्या वहीत धरावी अशी आहे.

परदेशी टपालाविषयी मात्र खेदानेच लिहावे लागते. माझ्या दिवाळीच्या विक्रीत अमेरिकेतल्या मराठी घरांचा वाटा संख्येने लहान पण रकमेने मोठा असतो. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना तिथे असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्टपासून काढून घेण्यात आली, भारतीय मालावरचे शुल्क त्याच आठवड्यात ५० टक्क्यांवर गेले, आणि शुल्क कोणी व कसे वसूल करायचे हे स्पष्ट नसल्यामुळे आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडे वस्तू पाठवणे थांबवले. खासगी कुरियरचा दर विचारला तेव्हा तो ओढणीच्या किमतीच्या वर जात होता. टपालसेवा १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली, पण तोवर दिवाळी दारात आली होती. काही ग्राहकांनी मागणी रद्द केली. काहींनी आपल्या पद्धतीने मार्ग काढला: लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या एका काकूंच्या बॅगेत, मेतकूट आणि डिंकाच्या लाडवांच्या मध्ये, माझी दोन उपरणी न्यू जर्सीला पोहोचली. हा काही धंद्याचा मार्ग नव्हे. यापुढे परदेशातल्या मागणीला मी वरकड धरणार आहे; आली तर आनंदच, पण तिच्या भरवशावर कापड विकत घेणार नाही.

वस्तू आणि सेवा कराच्या दरांत २२ सप्टेंबरपासून झालेल्या बदलाचा आमच्यावर दोन्ही बाजूंनी परिणाम झाला. पूर्वी १,००० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. आता २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के आहे. म्हणजे १,९०० रुपयांचा कुर्ता ग्राहकाला स्वस्त झाला आणि ३,२०० रुपयांचे, आत अस्तर आणि वर गोधडीचे टाके असलेले जाकीट महाग झाले. ज्या वस्तूत सर्वांत जास्त हातकाम, तीच वरच्या दरात जाते, हे हातकाम करणाऱ्याला खटकणारच. जाकीट आता फक्त मागणीनुसार करायचे आणि बिनबाह्यांचे, २,५०० च्या आत बसणारे रूप कायम ठेवायचे, असे ठरवले आहे.

किंमतीचा विषय निघालाच आहे तर तो पुरता सांगते, कारण नव्याने असे काम सुरू करणाऱ्या मुली मला बहुधा हेच विचारतात. एका मलमलच्या ओढणीत कापडाचे २५० रुपये, हिरडा, तुरटी, रंगद्रव्य, गॅस आणि पाणी यांचे ११० रुपये, दोघींच्या मजुरीचा वाटा १८० रुपये, कडांची शिलाई ४० रुपये आणि वेष्टन ३० रुपये धरले, तर ६१० रुपये होतात. ती ८५० रुपयांना विकली तर २४० रुपये उरतात, आणि त्यातून प्रदर्शनाचे भाडे, प्रवास, वीज आणि खराब झालेले नग वजा करायचे असतात. माझा स्वतःचा वेळ, ठशांची रचना, छपाई, ग्राहकांशी बोलणे, यांचा यात कुठेच पैसा नाही. गृहिणीच्या हातचे काम म्हणजे तिचा वेळ मोकळाच होता, असे आपल्याकडे बघणाऱ्यालाही वाटते आणि करणारीलाही वाटत राहते. सप्टेंबरात मी दोघींची मजुरी वाढवली, माझी मजुरी पहिल्यांदा हिशेबात घातली, आणि ओढणी १,१५० रुपयांना लावली. घासाघीस वाढली, विकल्या गेलेल्या नगांची संख्या घटली, आणि महिन्याची शिल्लक पूर्वीपेक्षा बरी राहिली. गच्ची तीच असताना नग वाढवण्यापेक्षा नगाचे मोल वाढवणे हाच एक रस्ता असतो, हे आकड्यांनी दाखवले तेव्हा घरातली चर्चाही जरा निवळली.

उधारीबाबतही एक शिस्त लागली. दुकानात माल ठेवायचा आणि तो विकला गेला की पैसे घ्यायचे, ही पद्धत मी बंद केली. एका दुकानात तर माझ्या ओढण्या खिडकीतल्या उन्हात टांगून ठेवल्या होत्या आणि त्या विटल्यावर परत आल्या. सूक्ष्म उद्योग म्हणून सरकारकडे ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, आणि मुदतीत न दिल्यास ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत त्याला आयकराच्या हिशेबात खर्च म्हणून दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि ही एक ओळ छापायला लागल्यापासून मार्चच्या आधी पैसे येऊ लागले आहेत. भांडावे लागले नाही.

समाजमाध्यमांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. निळीच्या पिंपातून हिरवे कापड निळे होतानाची चित्रफीत पुष्कळ लोकांनी पाहिली आणि त्यातल्या फार थोड्यांनी काही विकत घेतले. लग्नघरांची कामे सगळी तोंडी शिफारशीने आली.

आता पुढच्या वर्षाचा प्रश्न उरतो. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड भाड्याने मिळते आहे, आणि घरच्यांचे मत आहे की तिथे वाळवण्याचे यंत्र बसवून पावसाच्या कचाट्यातून कायमचे सुटावे. प्रस्ताव वाईट नाही. पण शेडचे भाडे, यंत्राचा हप्ता, विजेचे बिल आणि सांडपाण्याची व्यवस्था हे सारे भरून काढायला मला महिन्याला आजच्या तिप्पट माल काढावा लागेल, तिप्पट माल म्हणजे मोठी दुकाने, आणि मोठी दुकाने म्हणजे छायाचित्राशी जुळणारा पिवळा. तो देण्यासाठी मला रासायनिक रंगांकडे वळावे लागेल. ते रंग वाईट असतात असे नाही, पण त्या कामात माझ्याहून कितीतरी कुशल लोक इचलकरंजीत बसलेले आहेत, आणि त्यांच्याशी स्पर्धा करण्यात मला रस नाही. त्याऐवजी गच्चीच्या पश्चिमेकडच्या भागावर पारदर्शक पत्र्यांचे छप्पर घालायचे, बाजू वाऱ्यासाठी उघड्या ठेवायच्या, आणि मे महिन्यात पाऊस आला तरी हिरडा-तुरटीचे कापड सुरक्षित राहील एवढी सोय करायची, असा माझा विचार आहे. खर्च शेडच्या वर्षभराच्या भाड्याहून कमी येतो. कुपवाडच्या जागेच्या मालकांना मी अजून नाही म्हटलेले नाही. मार्चअखेरचा हिशेब पाहून कळवते असे सांगितले आहे. छपराचे काम मात्र जानेवारीतच उरकावे लागेल, कारण एकदा का काकूंच्या वाळवणांना सुरुवात झाली की वेल्डरला गच्चीवर पाय ठेवायलाही जागा मिळणार नाही.